सांगायचं कुणाला? सोलापुरात नव्याने रुजू होणाऱ्या सिस्टरसाठी, पाळण्यापासून उतारवयापर्यंत

डिस्चार्ज कार्ड हातात ठेवून "समजलं ना?" असं विचारलं की समोरचं माणूस "होय की सिस्टर" म्हणून मोकळं होतं. या "होय की"वर विसंबू नका. त्यात आदर असतो, बस चुकायची घाई असते आणि बाहेर रिक्षा थांबवलेली असते. समजलेलं असतंच असं नाही. रुग्ण आठ दिवसांनी त्याच तक्रारीसाठी पुन्हा दाखल होतो तेव्हा बहुतेक वेळा सांगितलेली गोष्ट चुकीची नसते. ती चुकीच्या माणसाला सांगितलेली असते.

म्हणून कुठल्याही वयाच्या रुग्णाजवळ गेलात की पहिला प्रश्न हा: घरी हे काम कुणाच्या हाताने होणार? गोळी कोण देतं, स्वयंपाकात मीठ कोण टाकतं, बाळाला आंघोळ कोण घालतं? तो माणूस समोर नसेल तर त्याला बोलावून घ्या. ते जमत नसेल तर निदान फोनवर घ्या. मग एका वेळी तीनच गोष्टी सांगा, चौथी उद्या. सांगून झाल्यावर "समजलं का?" याऐवजी "घरी गेल्यावर सासूबाईंना काय सांगाल?" असं विचारा. हाताने करायचं काम असेल तर त्यांच्याच हाताने करवून घ्या. चुकलं तर "तुम्हाला कळलं नाही" म्हणू नका. "माझंच सांगणं नीट झालं नाही, परत बघू" असं म्हणा आणि पुन्हा सांगा.

भाषेचं आधी

सोलापुरात एकाच वॉर्डात चार भाषा ऐकू येतात. शहराच्या पूर्व भागातल्या विणकर घरांत तेलुगू, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरकडे कन्नड, काही घरांत दखनी उर्दू आणि सगळ्यांना जोडणारी मराठी. बाजारात मराठी सहज बोलणारी आजी दुखणं मात्र मायबोलीतच सांगते. दुखण्याला कन्नडमध्ये 'नोवु' आणि तेलुगूत 'नोप्पी' म्हणतात, पाण्याला 'नीरु' आणि 'नीळ्ळु'. जेवणाआधी म्हणजे कन्नडमध्ये 'ऊटक्के मुंचे', तेलुगूत 'तिनेमुंदु'. इथे एक खाच आहे. तेलुगूत 'मंदु' म्हणजे औषध आणि 'मुंदु' म्हणजे आधी. अर्धवट उच्चारलं तर ऐकणारा गोंधळतो, म्हणून बोलताना ताटाकडे आणि गोळीकडे बोट दाखवून क्रम सांगा. अक्का, मावशी, चाची, अण्णा अशी हाक मारलीत तर निम्मं अवघडलेपण जातं.

दुभाषी म्हणून शाळकरी मुलाला उभं करू नका. आईच्या अंगावरून जाण्याचं किंवा वडिलांच्या दारूचं विचारायचं असेल तर मूल लाजतं आणि उत्तर स्वतःच्या मनाने बनवतं. वॉर्डातल्या मावशी किंवा आशाताई मदतीला घ्या.

बाळ आणि आजी

बाळंतिणीला शिकवून उपयोग अर्धाच, कारण घरचा कारभार आजीकडे असतो. पहिल्या तासात स्तनपान आणि सहा महिने फक्त आईचं दूध हे आईला पाठ असतं. पण बाळगुटी उगाळणारा हात आजीचा असतो. "गुटी देऊ नका" एवढंच म्हटलंत तर ती तुमच्यासमोर हो म्हणेल आणि घरी सहाण काढेल. कारण सांगा: सहाणेवरचं पाणी आणि बोट यांतून जंतू जातात, पोट एवढंसं असतं, गुटीने भरलं की बाळ दूध कमी ओढतं आणि दूध ओढलं नाही तर येणंही कमी होतं. त्याच दमात आजीला दुसरं काम द्या. बाळाचं वजन अडीच किलोच्या आत असेल तर कांगारू पद्धत आजीलाही करता येते. टोपी, मोजे आणि लंगोट एवढ्यावर बाळ छातीशी उघड्या त्वचेला उभं धरायचं, वरून लुगड्याने किंवा शालीने बांधायचं. एका बैठकीला निदान एक तास, आणि घरातल्या सगळ्यांचे मिळून दिवसाचे आठ तास किंवा जास्त.

आंघोळ पहिले 24 तास नको. कमी वजनाच्या बाळाला तर डॉक्टर सांगेपर्यंत नको. नाळेला काही लावायचं नाही. हळद, तेल, राख, पावडर यांतलं काहीही नाही. कोरडी ठेवायची आणि लंगोट नाळेच्या खाली दुमडायचा. हलक्या हाताचं तेल चालतं, पण नाकाकानात तेलाचे थेंब नकोत आणि डोळ्यात काजळ नको. बंद खोलीत शेगडी ठेवून शेक आणि धुरी देण्याची चाल अजून दिसते. कोळशाचा धूर बंद खोलीत जीवघेणा ठरतो, हे आई आणि आजी दोघींना सांगा. ऊब हवी तर बाळ आईच्या कुशीत द्या.

"दूध पुरत नाही" ही तक्रार तुम्ही रोज ऐकाल. वरचं दूध सुचवण्याआधी तीन गोष्टी बघा. 24 तासांत आठ ते बारा वेळा पाजणं होतंय का? पाचव्या-सहाव्या दिवसानंतर दिवसाला सहा किंवा अधिक वेळा शू होतेय का? आणि वजन? सुरुवातीच्या दिवसांत जन्मवजनाच्या सात ते दहा टक्क्यांपर्यंत घट चालते आणि साधारण दोन आठवड्यांत ती भरून निघते. पाजताना बाळाचं तोंड मोठं उघडलेलं, हनुवटी स्तनाला टेकलेली आणि काळा भाग वरच्या बाजूला जास्त दिसणारा असावा. नुसतं बोंड तोंडात असेल तर चिरा पडतात, आई दुखण्याने पाजणं टाळते आणि मग दूध खरंच कमी होतं.

थांबू नका अशी लक्षणं: दूध न ओढणं, अंग तापलेलं किंवा थंडगार, झटके, श्वास मिनिटाला 60 किंवा जास्त, छाती आत ओढली जाणं, तळहात-तळपाय पिवळे. यांतलं एकही दिसलं तर 108. रुग्णालयात बाळंतपण झालं असेल तर आशाताई 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी घरी येतात, हे तारखांसह कार्डावर लिहून द्या.

विडी वळणाऱ्या घरात आणखी एक विचारणं बाकी असतं. विड्यांच्या तंबाखूचं सूप कुठे ठेवता आणि बाळ कुठे निजतं? दोन्ही एकाच खोलीत असतील तर तंबाखूची धूळ बाळाच्या श्वासात जाते, आणि हात न धुता पाजायला घेतलं तर तोंडातही. पाजण्याआधी साबणाने हात, पदर बदलणं आणि सुपाची जागा दाराशी किंवा ओसरीत, एवढं मागा. "विड्या वळणं सोडा" म्हणू नका. त्या पैशातूनच घर चालतं.

पाच वर्षांच्या आत: जुलाब आणि ताप

शहरात नळाला पाणी काही दिवसांआड येतं, घरोघर टाक्या-पिंप भरलेली असतात, आणि पावसाळ्याच्या तोंडावर जुलाबाची मुलं येऊ लागतात. ओआरएसचं मोठं पाकीट साडेवीस ग्रॅमचं असतं आणि ते एक लिटर पाण्यासाठी आहे. सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे पाकिटातलं थोडं थोडं पेल्यात टाकून देणं. पाणी कमी आणि क्षार जास्त झाले की रक्तातलं सोडियम वाढतं, मूल चिडचिडं होतं, झटकेही येऊ शकतात. म्हणून लिटरची रिकामी बाटली घरातून आणायला सांगा, उकळून गार केलेलं पाणी तिच्यात भरा आणि पूर्ण पाकीट आईकडूनच ओतून घ्या. 24 तासांनी उरलेलं फेकायचं. साखर, मीठ, दूध, सरबत त्यात काही मिसळायचं नाही. मेडिकलमध्ये मिळणारी गोड, फळांच्या चवीची डबी म्हणजे ओआरएस नव्हे. तिच्यातल्या जादा साखरेने जुलाब वाढतात.

प्रत्येक पातळ शी झाल्यावर दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला पाच छोटे चमचे, दोन वर्षांपर्यंत 50 ते 100 मिलि, त्यापुढे 100 ते 200 मिलि. मूल ओकलं की आई थांबते आणि तिथेच बिघडतं. दहा मिनिटं थांबून पुन्हा सुरू करायचं, दोन-तीन मिनिटांनी एक चमचा. जोडीला झिंकची गोळी: सहा महिन्यांच्या आत 10 मिग्रॅ, पुढे 20 मिग्रॅ, चौदा दिवस. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबतात आणि आई गोळीही थांबवते, तसं होऊ देऊ नका. चौदा रकान्यांचा कागद देऊन रोज एक फुली मारायला सांगा. खाणं बंद करायचं नाही. मऊ भात, वरण, ज्वारीच्या कण्या घालून केलेली पेज, सगळं चालतं.

तापाच्या पॅरासिटामॉलचा घोळ बाटलीत आहे. थेंबांच्या बाटलीत एका मिलिलिटरला 100 मिग्रॅ, एका सिरपमध्ये पाच मिलिला 120, दुसऱ्यात पाच मिलिला 250. आठ किलोच्या मुलाला 120 मिग्रॅचा डोस लिहिला असेल तर तो पहिल्या बाटलीतून 1.2 मिलि, दुसरीतून 5 मिलि आणि तिसरीतून 2.4 मिलि होतो. "अर्धा चमचा द्या" या शब्दांना म्हणून काहीच अर्थ उरत नाही. घरातली बाटली आणायला लावा, लेबल वाचा, डोस डॉक्टरांच्या चिठ्ठीशी ताडा आणि सिरिंजवर पेनाने रेघ मारून द्या. दोन डोसांत निदान चार ते सहा तास, दिवसात चारपेक्षा जास्त वेळा नाही.

श्वास मोजणं आईला शिकवता येतं. मूल शांत असताना पोटाकडे बघत पूर्ण एक मिनिट. दोन महिने ते एक वर्ष 50 किंवा जास्त, एक ते पाच वर्षं 40 किंवा जास्त, तर दवाखाना. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, लहान मुलांचा श्वास एकसारखा नसतो.

मोठी मुलं-मुली

दहा वर्षांपुढच्या मुलीशी किंवा मुलाशी पाच मिनिटं तरी एकट्याने बोला. आईला "जरा केसपेपर काढून आणता का?" म्हटलं की काम होतं. पाळीतलं कापड वापरत असतील तर साबणाने धुऊन उन्हात वाळवायचं. दाराआड ओलसर वाळवलेल्या कापडाने खाज आणि बुरशी होते. पॅड असो की कापड, चार ते सहा तासांनी बदलायचं. शाळेतली निळी लोहगोळी आठवड्याला एक, जेवल्यावर. धनुर्वात-घटसर्पाची लस दहाव्या आणि सोळाव्या वर्षी.

एक गोष्ट मात्र कधी म्हणू नका: "मी कुणालाच सांगणार नाही." अठराच्या आतल्या मुलीच्या गर्भारपणाची किंवा तिच्यावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर 2012 च्या पोक्सो कायद्याने कळवणं बंधनकारक आहे, लग्न झालेलं असलं तरी. ताबडतोब वैद्यकीय अधिकाऱ्यांना सांगा. मुलीला आधीच सांगावं की तुझ्या भल्यासाठी लागेल तेवढं डॉक्टरांना सांगेन. चाइल्डलाइनचा नंबर 1098.

गरोदरपण

लाल लोहगोळी रोज एक, 180 दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा 180. शी काळी होणार हे आधीच सांगा, नाहीतर घाबरून गोळ्या बंद होतात. चहा-दुधाबरोबर नको, लिंबूपाण्याबरोबर चालेल. कॅल्शियमची गोळी 500 मिग्रॅ दिवसातून दोनदा, पण लोहाबरोबर नाही, मधे दोन तास. दोन्ही एकत्र घेतल्या की लोह नीट शोषलं जात नाही.

पहिलं बाळंतपण माहेरी होतं, म्हणजे तुम्ही सोलापुरात शिकवलेलं गावाकडच्या आईला माहीतच नसतं. सातव्या महिन्यात माता-बाल संरक्षण कार्ड सोबत नेण्याची आठवण करा आणि धोक्याची लक्षणं नवऱ्यालाही सांगा, कारण गाडी तोच बोलावणार: अंगावरून रक्त किंवा पाणी जाणं, जोरात डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, झटके, बाळाची हालचाल कमी वाटणं. गरोदर बाईला आणायला-पोचवायला 102, जिवावरचं असेल तर 108.

कमावत्या वयातले

यांना वेळ नसतो आणि ते खरं आहे. यंत्रमागावर बारा तासांची पाळी, विडीच्या बाईला माल देण्याची ठरलेली वेळ. "सकाळ-संध्याकाळ" असं लिहिलेलं रात्रपाळीच्या माणसाला कळत नाही, "कामावर जाण्याआधी, डबा खाताना" असं सांगा. पाळी बदलली की इन्सुलिनची वेळ आणि मात्रा डॉक्टरांना विचारून बदलायची, तुम्ही मनाने नाही. मागाच्या खडखडाटात वर्षं काढलेल्यांना कमी ऐकू येतं. समोर उभं राहून, ओठ दिसतील असं, सावकाश बोला.

रक्तदाब मोजण्याआधी पाच मिनिटं बसवा. अर्ध्या तासात चहा किंवा तंबाखू झाली असेल तर थांबा. बायकांना "तंबाखू खाता का?" विचारलं तर "छे" म्हणतात. "मिश्री लावता का?" विचारा, उत्तर बदलेल. मीठ दिवसाला सगळं मिळून एक सपाट छोटा चमचा, पाच ग्रॅमच्या आत. शेंगाचटणी बंद करा म्हणून सोलापुरात कुणी ऐकणार नाही; मीठ कमी घालून कुटायला सांगा आणि पापड-लोणचं त्याच ताटात नको म्हणा.

क्षयरोगाच्या औषधांनी लघवी लालसर-नारिंगी होते. पहिल्याच दिवशी हे सांगितलं नाही तर "गोळीने रक्त जातंय" म्हणून उपचार सुटतो. दोन महिन्यांत बरं वाटतं, कोर्स मात्र साधारणपणे सहा महिन्यांचा. निक्षय पोषण योजनेचे महिना 1000 रुपये खात्यावर येतात, तेव्हा पासबुकाची प्रत पहिल्या भेटीतच घ्या. भूक मेली, उलट्या झाल्या, डोळे पिवळे झाले तर पुढच्या तारखेची वाट न बघता लगेच यायचं.

इन्सुलिनला सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण चुका इथेच मोठ्या होतात.

1. कुपी आणि सिरिंज जुळवा. एका मिलिला 40 युनिट असलेल्या कुपीला लाल टोपणाची 40 ची सिरिंज, एका मिलिला 100 युनिट असलेल्या औषधाला नारिंगी टोपणाची 100 ची. 40 च्या कुपीतून 100 च्या सिरिंजने वीसच्या रेघेपर्यंत ओढलं तर प्रत्यक्ष आठच युनिट जातात. उलट केलं तर वीसऐवजी पन्नास, आणि माणूस बेशुद्ध.
2. गढूळ इन्सुलिन तळहातांत दहा वेळा फिरवायचं, मग दहा वेळा उलटंपालटं करायचं. जोरात हलवलं तर फेस येतो आणि मात्रा चुकते.
3. पोटावर, बेंबीपासून दोन बोटं सोडून. रोज जागा एक बोट पुढे. एकाच जागी टोचत राहिलं की गाठ होते आणि गाठीतून औषध नीट शोषलं जात नाही.
4. सुई आत ठेवून दहापर्यंत मोजायचं, मग काढायची. चोळायचं नाही.
5. वापरलेली सुई जाड प्लास्टिकच्या बाटलीत. भरली की रुग्णालयात परत, कचऱ्यात नाही.

सुरू न केलेली कुपी फ्रिजमध्ये 2 ते 8 अंशांत, बर्फाच्या कप्प्यात नाही. गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी टाकूनच द्यायचं. सुरू केलेली कुपी बाहेर साधारण चार आठवडे चालते, पण एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशीच्या वर असतो आणि पत्र्याच्या खोलीत त्याहून जास्त. फ्रिज नसेल तर लहान मडकं मोठ्या मडक्यात ठेवायचं, मधल्या फटीत वाळू भरून ती सकाळ-संध्याकाळ भिजवायची, कुपी प्लास्टिकच्या डबीत घालून आतल्या मडक्यात, वर ओलं फडकं. कुपी थेट पाण्यात सोडू नये.

साखर उतरल्याची ओळख घरच्यांना हवी: घाम, थरथर, धडधड, वेड्यासारखं बोलणं. गिळता येत असेल तर तीन छोटे चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी, मग भाकरी. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालायचं नाही, 108. एकादशीचा उपास किंवा रोजा धरणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारायचं. आषाढीला पंढरपूरची पायी वारी करणारे मधुमेही तुमच्याकडे जूनमध्येच येतील: जुनी सवयीची चप्पल, मोजे, रोज रात्री तळपाय आरशात बघणं आणि खिशात साखर.

उतारवय

आजोबांना शिकवताना कानाशी ओरडू नका. उंच आवाज वयात आधी हरवतो, खालच्या पट्टीत सावकाश बोललेलं कळतं. चष्मा आणि कवळी लावलेली आहे ना ते आधी बघा. घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीसकट मागवा. त्याच औषधाचं दुसऱ्या नावाचं पाकीट त्यात सापडतं आणि दोन्ही चालू असतात. पडण्याची भीती असेल तर पाच मिनिटं झोपवून रक्तदाब घ्या, मग उभं करून एका आणि तिसऱ्या मिनिटाला. वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने उतरला तर डॉक्टरांना सांगा. तोवर पहाटे उठताना आधी बसणं, पाय लोंबकळवणं, मग उभं राहणं.

अंथरुणाला खिळलेल्याचं सगळं काम बहुधा सुनेवर पडतं. तिला एकटीला सांगून निघू नका, मुलालाही कूस बदलायला लावा. दर दोन तासांनी कूस, पूर्ण आडवं नाही तर पाठीमागे उशी देऊन 30 अंशांचा कल. टाचा पोटरीखालच्या उशीने अधांतरी. लाल झालेली जागा चोळायची नाही, चोळल्याने आतली त्वचा आणखी फाटते. बाजारातली गोल भोकाची गादी नको, तिच्या कडेनेच रक्तपुरवठा दबतो.

नाकातल्या नळीने भरवायचं असेल तर डोकं 30 ते 45 अंश वर. नाकाजवळची खूण सरकली नाही ना ते दर वेळी बघायचं, सरकली असेल तर भरवायचं नाही. एका वेळी 200 ते 250 मिलि, सिरिंज दाबून नाही, वर धरून आपोआप उतरू द्यायचं. शेवटी 30 मिलि साधं पाणी आणि त्यानंतर निदान अर्धा तास तसंच उंच. नळी तुंबते ती गाळून न घेतलेल्या आंबिलीने आणि जाडसर कुटलेल्या गोळ्यांनी. काही गोळ्या कुटायच्याच नसतात, म्हणून यादी औषधवाल्याकडून तपासून घ्या. लघवीची पिशवी कमरेच्या खाली, पण जमिनीला न टेकवता.

शेवटच्या दिवसांत माणूस खात नाही आणि नातेवाईक चमचा तोंडात कोंबतात, कारण उपाशी पाठवायचं कसं? त्यांना सांगा की शरीरच आता मागत नाही आणि कोंबलेलं श्वासनलिकेत जातं. त्याऐवजी ओल्या कापसाने ओठ-तोंड ओलं ठेवणं, कूस, हात धरून बसणं. हे सांगताना खुर्ची ओढून बसा, उभ्याने सांगू नका.

नोंद

"रुग्णास आरोग्यशिक्षण दिले" ही ओळ पुढच्या पाळीच्या सिस्टरला काहीच सांगत नाही. अशी नोंद लिहा: "सून व मुलगा यांना नळीने भरवणे दाखवले. सुनेने स्वतः 200 मिलि भरवले, शेवटचे पाणी द्यायला विसरली, पुन्हा करून घेतले. मुलाकडून रुग्णाची कूस बदलून घेणे बाकी. भाषा कन्नड. संध्याकाळच्या पाळीने घ्यावे."